अखाजीआधी गाडी नीट झाली पाहिजे

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

गुढी उभारली, कडुलिंब खाल्ला, गाडीला हार घातला. हार घालताना गाडीला म्हणालो, "यंदा माझी इज्जत तुझ्या हातात आहे." सौ. दिपमाला ओट्यावरून म्हणाली, "गाडीला हात नसतात." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मी अशा बोलण्याला उत्तर देत नाही.

विषय असा आहे. महिन्यावर अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. अखाजीला माहेरी येणं हा आमच्या खानदेशात लेकीबाळींचा हक्क, आणि बहिणीला आणायला भावानं स्वतः जायचं. त्याला मूळ म्हणतात. माझी थोरली बहीण लताबाई, आमची अक्का, चोपड्याला दिलेली. आई गेल्यापासून दरवर्षी मी तिला याच छोट्या पांढऱ्या गाडीतून धुळ्याला आणत आलो.

गेल्या मेमध्ये अक्काच्या मुलीचं, मेघाचं, लग्न होतं. दुपारचा मुहूर्त. मंगलाष्टकांना नवरीच्या पाठीशी मामानं उभं राहायचं असतं आणि सख्खा मामा मी एकटा. अमळनेर सोडलं, तापीचा पूल जवळ आला आणि गाडी तापली. बॉनेटमधून वाफ निघाली. मी पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. माझ्या जागेवर पारोळ्याचा चुलत भाऊ योगेंद्र उभा राहून गेला होता. तो एसटीनं आला होता.

अक्का मला एवढंच म्हणाली, "पंगत चालू शे. जेवी ल्या." जन्मापासून मला अरेतुरे करणारी बहीण, आणि पाहुण्याला म्हणावं तसं "जेवी ल्या" म्हणाली. मला ते फार लागलं. जेवलो मात्र.

भाऊबीजेला ती आली नाही. परवा तिनं दिपमालाला फोन करून माझ्यासाठी निरोप ठेवला: "त्याले सांग, यंदा मूळ नही उनं तं मन्हं माहेर सरनं." मूळ आलं नाही तर तिचं माहेर संपलं.

मी वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. जन्मभर दुसऱ्यांच्या तराजूतली खोट शोधली. एका आठशे सीसीच्या गाडीतली खोट मला सापडू नये असं काही नाही. आजपासून रोजचं रोज लिहीन.

२३ मार्च, सोमवार

रोज लिहायला काही घडावं लागतं हे लक्षात आलं.

गाडी पारोळा रोडवर भाईदास मिस्त्रीच्या गॅरेजला नेली. इंजिनातलं पाणी केव्हा फिरवायचं ते ठरवणारी एक झडप असते, ती त्यानं काढून गरम पाण्याच्या पातेल्यात टाकली. झडप उघडली. पाणी निवल्यावर मिटली. "चांगली शे साहेब," तो म्हणाला. मी म्हटलं, तरी नवी टाक. त्यानं टाकली.

मग एसी लावून फागण्यापर्यंत जाऊन आलो. ऊन होतं. तापमानाचा काटा मध्यावर बसला तो हललाच नाही.

"गाडीले काहीच व्हयेल नही शे," भाईदास म्हणाला. नोकरीत मी शेकडो दुकानं तपासली. तराजूला काही झालेलं नाही, हे वाक्य प्रत्येक दुकानदार म्हणायचा. त्यामुळे माझा विश्वास बसला नाही.

२८ मार्च, शनिवार

रेडिएटर बदलला. पुढच्या जाळीमागे ती पेटी असते. जाळीतून वारा आत शिरतो आणि पेटीतलं पाणी निवतं. भाईदासनं जुना रेडिएटर मला उन्हात धरून दाखवला, "दखा, आरपार दिसस. वारा कोठेच अडत नही." मी म्हटलं, तरी बदल. त्यानं बदलला, पण तोंड पाडून. चांगला रेडिएटर काढताना त्याला वाईट वाटत होतं, हे मला आवडलं. हल्ली वाईट वाटणारे कारागीर कमी झाले आहेत.

दिपमालाचं म्हणणं, एवढ्यात दोनदा चोपड्याला एसटीनं जाऊन आला असता. भावानं बहिणीला एसटीत बसवून आणायचं? ते योगेंद्रला शोभतं.

१ एप्रिल, बुधवार

माळा आवरताना लग्नातला फ्लेक्स हाती लागला. वर्षभर गुंडाळी करून ठेवला होता. "मेघाचे आदर्श मामा, श्री. पितांबर पाटील, निवृत्त निरीक्षक, धुळे." सफारीतला फोटो, मागे कमळं. लोक असले फ्लेक्स गाडीच्या मागच्या काचेवर लावतात. मागे लावला तर मागून येणाऱ्याला दिसतो, आणि मागून येणारा आपल्या ओळखीचा असेलच असं नाही. मांडवात गाडी शिरते ती पुढून. म्हणून मी तो पुढच्या जाळीवर ताणून, चारी कोपऱ्यांना दोरी घालून बांधला होता. फडफडू नये म्हणून गाडीही सावकाश चालवली होती.

गाडी तापली तेव्हाही मी डोकं ठिकाणावर ठेवलं होतं. वाफेनं फोटो खराब होईल, म्हणून आधी फ्लेक्स सोडून घेतला आणि मग पाणी मागायला गेलो. पाणी घातल्यावर गाडी पुढे मुकाट्यानं चोपड्यापर्यंत गेली. म्हणजे खोट आत कुठेतरी दडून बसते आणि मनात येईल तेव्हा बाहेर येते. माझ्या नोकरीत असेच व्यापारी सगळ्यात अवघड असायचे.

फ्लेक्स ओल्या फडक्यानं पुसून परत वर ठेवला.

५ एप्रिल, रविवार

गाडीची परीक्षा घ्यायला पारोळ्यापर्यंत गेलो. एसी लावून, काचा बंद करून, भर दुपारी. काटा जागचा हलला नाही. मनात म्हटलं, बघू किती दिवस सज्जनपणाचा आव आणतेस.

बाजारात योगेंद्र भेटला. मी बघितलं नसतं, पण त्यानं हाक मारली. उसाचा रस पाजला. मग आपण होऊन लग्नाचा विषय काढला. "दादा, मी उभा राहणार नव्हतो. भटजी घाई करायला लागले तसं अक्कानंच हाताला धरून उभं केलं. मंगलाष्टकं संपेपर्यंत तिची नजर फाटकावर होती."

फाटकाकडे का बघत होती ते कळलं नाही. बँडवाले यायचे राहिले असतील. त्या दिवशी दाट तिथी होती, बँडवाल्यांची ओढाताणच झाली असणार.

योगेंद्र म्हणाला, "तुम्ही अखाजीला जाणार ना?" मी म्हटलं, गाडी नीट झाली की. तो रसाच्या ग्लासात बघत म्हणाला, "गाडी तर नीटच दिसतेय." त्याला गाडीतलं काय कळतं?

९ एप्रिल, गुरुवार

भाईदासला म्हटलं, आता इंजिन उघड. तो हातातला पाना खाली ठेवून म्हणाला, "नही उघडाव. धडधाकट मानूसनं पोट फाडतस का?" मी दुसरीकडे जाईन म्हटलं. तो म्हणाला, जा, पण तिथं सांगू नका की भाईदासच्या हातची गाडी तापते. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला स्वतःचीच शंका यायला लागली होती. रात्री झोप लागत नाही म्हणाला. मला त्याची दया आली आणि थोडं बरंही वाटलं, कारण झोप मलाही लागत नाही.

मग त्यानं स्टूल दिलं आणि वकिलासारखं विचारलं, "त्या दिन काय येगळं कयं व्हतं? आठवा." मी आठवलं. दिपमाला शेजारी होती. मागच्या सीटवर आहेराचं पातळ, स्टीलचा डबा आणि आंब्याची पेटी. मी नवा सफारी घातला होता. अत्तर लावलं होतं. गाडी धुतलेली होती. हे सगळं सांगितलं. फ्लेक्सचा विषय मिस्त्रीपुढे काढण्यासारखा नव्हता. त्यात यंत्राचं काही नाही, तो मानपानाचा भाग.

भाईदास बराच वेळ डोकं खाजवत बसला. "आंब्यानी पेटी?" असं एकदा म्हणाला. मग स्वतःच नाही नाही म्हणत उठला.

घरी आल्यावर दिपमाला म्हणाली, "एक विचारू? गाडी नीट होईस्तोवर जायचं नाही असं आहे, की जावं लागू नये म्हणून गाडी नीट होत नाही?" मी पेपर वाचत होतो. पेपर उलटा होता असं ती म्हणते. तसं काही नव्हतं.

१२ एप्रिल, रविवार

काही नाही. ऊन. गाडीच्या पंख्याची मोटर बदलली.

अक्कानं काय म्हणायचं ते मनात घोळवत होतो. "आलास का?" म्हणाली तर "हो" म्हणायचं. "काब्र उना?", म्हणजे का आलास, म्हणाली तर काय म्हणायचं ते सुचलं नाही. भीती वाटते. चोपड्याला पोचण्याची वाटते, की न पोचण्याची, ते नीट सांगता येत नाही.

१५ एप्रिल, बुधवार

काल जयंतीमुळे फ्लेक्सवाल्याला मान वर करायला फुरसत नव्हती. आज मोकळा सापडला. जुन्यावर मामा आहे, अखाजीला तो चालणार नाही. मूळ घेऊन जायचं तर त्या नात्याचा फ्लेक्स हवा. मजकूर मी लिहून नेला होता: "माहेरची गाडी. सौ. लताबाई यांचे बंधू श्री. पितांबर पाटील, निवृत्त निरीक्षक, यांच्याकडून अखाजीच्या हार्दिक शुभेच्छा." दिपमाला म्हणाली अक्कांचा फोटो मोठा टाका. पण अक्का तर चोपड्यालाच असणार, रस्त्यात लोकांना दिसणार तो मी. म्हणून माझा मोठा आणि तिचा कोपऱ्यात टाकला.

गेल्या वेळी मापात थोडी चूक झाली होती, बाजूनं जाळी उघडी दिसायची. या वेळी टेप लावून माप घेतलं. पुढची जाळी काठोकाठ झाकली जाईल, कुठे बोटभर फट राहणार नाही. कापडही जाड घेतलं. मोजमापात मी कधी हयगय केलेली नाही.

१७ एप्रिल, शुक्रवार

आज अमावस्या, म्हणून जाणं उद्यावर. भाईदास घरी येऊन गाडी बघून गेला. पाणी, तेल, पट्टा, सगळं ठीक. जाताना गाडीला नमस्कार केला त्यानं. तो गेल्यावर फ्लेक्स बाहेर काढून ठेवला.

१८ एप्रिल, शनिवार

जे घडलं ते तसंच लिहितो.

फ्लेक्स बांधण्यात वेळ गेला, त्यामुळे निघायला उशीर झाला. दिपमालानं शिदोरी दिली. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, ठेचा, वर आंबा. तिला घागरी आणायच्या होत्या, पुरणाची तयारी करायची होती, आणि मूळ घेऊन जायचं तर भावानंच जावं. मी एकटा निघालो. अमळनेरपर्यंत माणसं वळून वळून बघत होती. एकानं हात जोडले. मीही हॉर्न वाजवला.

अमळनेर सोडलं. उन्हाचा नुसता जाळ. काटा वर सरकायला लागला. मी एसी बंद केला. काटा चढतच राहिला. तापीचा पूल समोर दिसत होता आणि गेल्या वर्षी जिथे थांबली त्याच कडुलिंबाजवळ गाडी थांबली. वाफ निघाली.

मी खाली उतरलो. दोन्ही बाजूंना केळी, रस्त्यावर चिटपाखरू नाही. गाडीच्या पुढे जाऊन उभा राहिलो तर मीच माझ्याकडे हसत बघत होतो. मला रडू आलं. लिहायला लाज वाटते, पण आलं. नवी झडप, नवा रेडिएटर, नवी मोटर, आणि मी पुन्हा त्याच लिंबाखाली. उद्या अखाजी. अक्का ओट्यावर पिशवी भरून बसली असेल, नाहीतर बसलीही नसेल, आणि ते मला जास्त वाईट वाटलं.

परत फिरावं असं मनात आलं. घरी जाऊन सांगायचं, गाडी तापली. खोटं नव्हतंच ते. फोन हातात घेतला, खिशात ठेवला, पुन्हा घेतला. मग अक्कालाच लावला. मेघाच्या लग्नानंतर पहिल्यांदाच.

"अक्का, मी पितांबर. गाडी तापली."

मला वाटलं तिनं फोन ठेवला. मग म्हणाली, "कोठे शेस?"

"तापीच्या अलीकडे. लिंबाखाली."

"तठेच ऱ्हाय."

थोड्या वेळानं पुलावरून केळीचा रिकामा टेम्पो आला. दाजी, म्हणजे अक्काचे यजमान तोतारामदाजी, चालवत होते आणि शेजारी अक्का, मांडीवर पाण्याचा कॅन आणि पायाशी पिशवी. पिशवी भरलेली होती. अक्का उतरली, माझ्याकडे न बघता गाडीपुढे गेली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हाऊ मोठा कोन शे?"

"मी."

"आनि हाई कोपऱ्यामा, तिकिटायेवढी?"

"तू."

तिनं फ्लेक्सवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग खाली वाकून कडेनं आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"मागला साल बी आसंच पुढे बांधेल व्हतं का रे?"

'रे' ऐकून मला फार बरं वाटलं. मी म्हणालो, नाही, तो वेगळा होता, मामाचा. आणि मापाला थोडा लहान.

अक्का हसायला लागली. पदर तोंडावर धरून हसली, मग रस्त्याकडेला खालीच बसली. दाजी टेम्पोतून "काय व्हयनं वं?" विचारत होते, तिला सांगता येईना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पाणी नंतर हसण्याचं राहिलं नाही असं मला वाटलं, पण माझा अंदाज चुकत असेल.

"माले वाटनं," ती म्हणाली, "तू घरथीन निंघनाच नही. गाडी तापनी हाई नुसतं सांगानं कारन."

"निघालो होतो अक्का. सकाळीच निघालो होतो."

"मंग फोन काब्र नही कया?"

"लाज वाटली."

"आनि आज?"

"आजही वाटली."

तिनं नाक पुसलं. मग मला केळीबद्दल सांगायला लागली. "केळना घडले गोणपाट गुंडाळीसन ठेवा का आतमा गरमी धरस. वारा लागना पाहिजे. समजनं का?" मी म्हटलं, समजलं. केळीचा विषय तिच्या तोंडात नेहमीचाच. गाडी बंद पडलेली असताना तो का काढला ते तीच जाणे, पण इतक्या महिन्यांनी बोलत होती, मी अडवलं नाही.

फ्लेक्सच्या गाठी तिनंच सोडल्या. एक सुटेना, ती दातानं सोडली. लिंबाखाली फ्लेक्स अंथरला आणि त्यावर बसून आम्ही तिघांनी भाकरी खाल्ली. अक्का नेमकी माझ्या फोटोवर बसली. मी ठेचा तिच्यापुढे सरकवला. इंजिन निवल्यावर मी पाणी घातलं. दाजी टेम्पो घेऊन परत गेले.

येताना काटा मध्यावर. अमळनेरला नाही हलला, फागण्याला नाही, धुळ्यात सिग्नलला नाही. चोपड्याच्या पाण्यात काहीतरी आहे. भाईदासला सांगायला हवं.

१९ एप्रिल, रविवार. अखाजी

सकाळी घागर पुजली. आई-आबांच्या नावानं अग्नीत घास टाकला. अक्कानं आईचं नाव घेतलं, तिच्यामागून मीही घेतलं. खापरावरच्या पुरणपोळ्या अक्काच्या हातच्या, दिपमालाच्या तुटतात हे तिनंच कबूल केलं.

भाईदास आला. मी त्याला सगळी हकीकत सांगितली, तोच रस्ता, तोच लिंब. त्याचा चेहरा उतरला. मग अक्का त्याला ओसरीच्या टोकाला घेऊन गेली आणि हळू आवाजात काही सांगितलं. भाईदास एकदम भिंतीला टेकला. तोंडावर हात धरून बराच वेळ तसाच होता. मला वाटलं पोटात कळ आली. परत आला तेव्हा चेहरा फुललेला होता. "साहेब," म्हणाला, "गाडीले पुढथीन कधीच काही बांधू नका. नजर लागस." मी नजर वगैरे मानत नाही. पण अक्काही म्हणाली, दिपमालाही म्हणाली, म्हणून हो म्हटलं. भाईदास दोन वाट्या रस पिऊन गेला. आज त्याला झोप लागेल म्हणाला.

फ्लेक्स अक्कानं मागून घेतला. गच्चीवर कुरडया वाळवायला पाहिजे म्हणाली. "उलटा घालशील ना?" मी विचारलं. "सुलटाच," ती म्हणाली. "रोज तोंड दिसी." दोन्ही घेऊन जा म्हटलं, मामाचाही. तिनं तो उघडून बराच वेळ वाचला, मजकूर चारच ओळींचा असून. मग पिशवीत सगळ्यात खाली, पातळांच्या घडीत ठेवला. कुरडयांना एकच पुरे म्हणाली.

संध्याकाळी अंगणातल्या लिंबाला झोका बांधला. अक्का बसली, गुडघे दुखतात तरी बसली. मी मागून झोका देत होतो. तेव्हा योगेंद्रचं बोलणं आठवलं आणि म्हटलं, विचारून टाकावं.

"अक्का, मेघाच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना तू फाटकाकडे बघत होतीस म्हणे. बँडवाले यायचे राहिले होते का?"

अक्कानं पाय टेकून झोका थांबवला. वळून माझ्याकडे बघितलं.

"हां," ती म्हणाली. "बँडवालाच येवाना व्हता."

"मग आला का शेवटी?"

"उना ना," अक्का म्हणाली. "काल उना." आणि पाय उचलून म्हणाली, "दे झोका."

अक्काचं आता वय झालं. तारखांचा घोळ होतो. मी दुरुस्त करत बसलो नाही, झोका दिला.